सी ड्राइव्हचा वाटणीदावा

संगणक जुळवून देणाऱ्या आपल्याकडील दुकानदारांत एक जुनी वहिवाट आहे. गिऱ्हाइकाची हार्ड डिस्क केवढीही असो, तिचे चार भाग पाडायचे, आणि सी विंडोजला, डी कामाच्या कागदपत्रांना, ई गाण्यांना व एफ चित्रपटांना देऊन मोकळे व्हायचे. या वाटपात सर्वांत राबणाऱ्या सीच्या पदरी सर्वांत अरुंद तुकडा येतो. माझ्या एक टेराबाइटच्या डिस्कवर त्याला १०० जीबी मिळाले होते. आणि विंडोजच्या अपडेटांनी, ब्राउझरच्या साठ्याने व घरातील प्रत्येकाने उतरवून घेतलेल्या, पण पुन्हा कधीही न उघडलेल्या विजेच्या बिलांनी ते क्षेत्र असे काही व्यापले की, साध्या अर्जाची छपाई करावयाची म्हटली तरी जागा शिल्लक नसल्याची सूचना पडद्यावर येई. शेजारचा डी मात्र ३०० जीबींच्या ऐसपैस जमिनीवर एका मुंजीच्या चित्रफितीखेरीज दुसरे कोणतेही पीक न घेता पडीक होता.

न्यायाने पाहता डीची जमीन सीच्या खाती चढवावी, यात वादाला जागा नव्हती. मुंज पेनड्राइव्हवर उतरवून घेऊन मी डी रद्द केला आणि विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’ या कचेरीत अर्ज घेऊन गेलो. चालू पार्टिशन आखूड किंवा लांब करण्याचा अधिकार या कचेरीला २००७ सालच्या व्हिस्टापासून आहे. परंतु पार्टिशन वाढवावयाचे तर मोकळी जमीन त्याच्या उजव्या बांधाला अगदी लागून असली पाहिजे, अशी तिची अट आहे. माझ्या बाबतीत मध्ये ‘रिकव्हरी’ नावाचे अर्ध्या जीबीचे, म्हणजे गुंठाभर, पार्टिशन आडवे पडलेले होते. विशेष म्हणजे हा कुळवहिवाटदार कोणी परका नव्हता. विंडोजच्या एका मोठ्या अपडेटाच्या वेळी खुद्द सीच्याच शेपटाकडची जागा कापून त्याला तेथे वसविण्यात आले होते. परिणामी ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ ही अक्षरे करडी झाली होती, आणि करड्या अक्षरांपुढे अपील चालत नाही.

हा कज्जा समजून घेण्यासाठी मी डिस्कच्या जुन्या दप्तरात डोकावलो. १९८३ साली आयबीएमने एक्सटी नावाचा संगणक काढला, तेव्हा त्याची डिस्क अवघी १० एमबीची होती. आणि तिच्या वाटणीची नोंद व्हावी म्हणून पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरातील ६४ बाइट राखून ठेवून त्यांत सोळा-सोळा बाइटांच्या चार ओळी आखण्यात आल्या. संपूर्ण मिळकतीचा सातबारा चार ओळींत! पुढे डिस्का दोन टेराबाइटांपलीकडे गेल्या, त्या ओळींत एवढे मोठे आकडे मावेनात, आणि जीपीटी नावाचे नवे दप्तर आले. त्यात विंडोज १२८ ओळींची तरतूद ठेवते, आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरच्या टोकाला जपलेली असते. ही दूरदृष्टी आमच्या तालुक्याच्या भूमी अभिलेखात असती तर कित्येक वकील उपाशी मेले असते. डॉसबरोबर येणाऱ्या एफडिस्कची रीत याहून सरळ होती: बांध हलवावयाचा तर आधी पीक जाळावे. उभ्या पिकात बांध सरकविण्याची किमया नव्वदच्या दशकात यूटाच्या पॉवरक्वेस्ट कंपनीने ‘पार्टिशनमॅजिक’ने घरोघर पोहोचविली. २००३ साली सिमँटेकने ती कंपनी विकत घेतली आणि कालांतराने ही किमया बाजारातून नाहीशी झाली.

तिची गादी चालवू पाहणारे आज पुष्कळ आहेत, आणि सर्वांच्या कपाळी ‘फ्री’ हा टिळा आहे. यांपैकी एकाची मी परीक्षा घेतली. चित्रे सुबक, रंग प्रसन्न, रिकव्हरीला बोटाने ढकलावे इतक्या अलगद बाजूला सारता येत होते. आणि मी कृतकृत्य होऊन ‘अप्लाय’वर टिचकी मारताच, ही सेवा सशुल्क असल्याचे सांगून त्याने माझ्यापुढे डॉलरमधील दरपत्रक धरले. विहिणीने पंगत बसवून पहिल्या घासाला आहेराची यादी मागावी, तशी माझी अवस्था झाली. “मामा, त्यापेक्षा सगळं फॉरमॅट मारा ना,” असे माझा भाचा म्हणाला. तरुण पिढीचा वडिलोपार्जित मिळकतीकडे पाहण्याचा दृष्टिकोन हा असा आहे.

शेवटी मी जीपार्टेडला शरण गेलो. २००४ सालापासून चालत आलेले हे मुक्त सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून त्यावरूनच संगणक सुरू करावा लागतो, कारण ते विंडोजच्या अंगणात चालत नाही. याचे रूप एखाद्या करारी कारकुनाचे. सांगितलेले प्रत्येक काम तो खाली यादीत टिपून ठेवतो, पण शेवटचा हुकूम मिळेपर्यंत डिस्कला हात लावीत नाही. आणि विंडोज पुरते बंद न होता ‘फास्ट स्टार्टअप’च्या अर्धवट निद्रेत असेल, तर सीला हात लावण्यास साफ नकार देतो. मला हा नकार फार आवडला. जो नाही म्हणतो त्याच्या हाती दस्तऐवज द्यावयास हरकत नसते.

मध्येच वीज गेली तर सर्वस्व बुडेल या धास्तीने यूपीएस जोडला आणि घरात पंखा लावण्यास मनाई केली. रिकव्हरी उजवीकडे सरकली, सीने मोकळी जमीन कवेत घेतली, आणि हे सारे चहा गाळून होईपर्यंत उरकले. कारण हलवावयाचे होते ते अर्धा जीबीच.

तेव्हा माझा निकाल असा आहे: मोकळी जागा सीच्या उजव्या बांधाला लागून असेल तर विंडोजच्याच कचेरीत जावे, मध्ये कोणी ठाण मांडून बसले असेल तर जीपार्टेड घ्यावे, आणि ‘अप्लाय’पाशी हात पसरणाऱ्यांना पैसा देऊ नये. मात्र सीला बिटलॉकरचे कुलूप असल्यास ते विंडोजमधूनच आधी काढून टाकावे. त्या कुलपाआडच्या पार्टिशनचा आकार जीपार्टेडला बदलता येत नाही.