आतल्या बाजूची झीज

मोटारीचा विकार मालकाने ओळखावा आणि मेस्त्रीने केवळ हात काळे करावेत, ही श्रमविभागणी मला पहिल्यापासून न्याय्य वाटत आली आहे. त्यामुळे ब्रेकवर जरा जोराने पाय पडताच आमच्या गाडीचे तोंड किंचित उजवीकडे वळू लागले, तेव्हा चिंता वाटण्याच्या आधी मला एक प्रकारचा विद्वज्जनोचित आनंदच झाला. गाडी उजवीकडे ओढते म्हणून उजव्या चाकात खोट काढणारा तो सामान्य जन. पुष्कळदा उजवे चाक इमानेइतबारे थांबत असते, डावे कामचुकारपणा करते, आणि म्हणून तोंड उजवीकडे फिरते, हे जाणणारा तो जाणकार. आणि असा जाणकार आमच्या सोसायटीत एकच आहे, ही वार्ता कोणी विचारण्याची वाट न पाहता मी सर्वत्र पोहोचती केलेली होती.

पहिल्या गॅरेजातल्या मुलाने चाक न काढताच रिमच्या फटीतून विजेरीचा झोत टाकला आणि ‘पॅड अजून पुष्कळ चालतील, साहेब,’ असा निर्वाळा देऊन तो चहाला गेला.

डिस्क ब्रेक ही वस्तू तशी मोठी कुलीन. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने 1902 साली तिचे पेटंट घेतले, 1953 साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत मारणाऱ्या जॅग्वारला हेच ब्रेक होते. आणि आता ती आमच्यासारख्यांच्या दारी नांदते आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या तबकडीला दोन पॅड दोन बाजूंनी चिमटीत धरतात. परंतु साध्या गाड्यांत जोर लावणारा पिस्टन असतो तो एकट्या आतल्या बाजूला. तो आतला पॅड तबकडीवर दाबतो, आणि त्या दाबाच्या प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर, म्हणजे ती चिमटी, आपल्या दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला कामावर ओढून आणतो. पिनांवरची रबरी टोपणे फाटून पाणी शिरले, ग्रीस वाळले, गंज धरला, की कॅलिपर जागचा हलत नाही. मग सारी मेहनत आतल्याच्या कपाळी, आणि बाहेरचा पॅड जहागीरदाराच्या मेहुण्यासारखा नुसता हजेरीपटावर. रिमच्या फटीतून दिसतो तो नेमका हा मेहुणा!

ब्रेकचा विषय निघाला आणि आमच्या वडिलांचा उल्लेख राहिला, असे आमच्या घरी होत नाही. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने उभ्या जन्मात सुकाणू हाती धरले नाही. परंतु माझ्या डावीकडच्या आसनावर बसून ते जितके ब्रेक लावतात तितके मी लावत नाही. ट्रक दिसण्यापूर्वी, म्हशीच्या मनात रस्ता ओलांडण्याचा विचार येण्यापूर्वी, त्यांचा उजवा पाय पुढची चटई दाबू लागतो. गाडी थांबली की एक दीर्घ निःश्वास सुटतो, आणि माझ्याकडे टाकलेल्या दृष्टिक्षेपात मसुदा त्यांचा व सही तेवढी माझी, हा भाव स्पष्ट असतो. पसरणीच्या घाटात तर वळणागणिक त्यांचे स्वतंत्र कामकाज चालते. मी दुसऱ्या गिअरात गाडी उतरवीत असतो, म्हणजे इंजिनच तिला आवरून धरीत असते, हे शास्त्र मी त्यांना अनेकवार निवेदन केले. त्यांनी ते दप्तरी दाखल करून घेतले आणि पाय दाबणे पूर्ववत चालू ठेवले. त्या चटईला टाचेखाली भोक पडले आहे. गाडी धुणारा मुलगा ते भोक पाहुण्यांना दाखवतो, आणि लग्नकार्याच्या पंगतीत वडिलांची नक्कल करून मी स्वतः पुष्कळ हशा वसूल केलेला आहे.

दुसऱ्या गॅरेजातले मेस्त्री वयस्क होते. त्यांच्यापुढे मांडण्यासाठी मी थेट लँचेस्टरपर्यंत जाणारे विवेचन सिद्ध करून नेले होते. पण ते ‘डावीकडच्या…’ या पहिल्याच शब्दापर्यंत आले असताना मेस्त्रींनी चाक उतरवले, दोन हातांनी कॅलिपर हलवून पाहिला, आणि ‘पिन जाम,’ म्हणाले. खटला निकाली, वकिलाचे भाषण खिशात.

दोन्ही पॅड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. बाहेरच्यावरची मधली खाच अजून स्पष्ट होती. आतल्याचे लायनिंग एका टोकाला कागदाएवढे उरलेले, त्यामागे लोखंडी पट्टी. याच चाकावर मागच्याच रविवारी आम्ही पाचगणीहून वाईला उतरलो होतो, शेजारी वडील होते, आणि त्यांच्या पायाकडे पाहून मी हसत होतो. आता हसू येईना. राग आला तो त्या विजेरीवाल्या मुलाचा नव्हे. त्याला तसेच शिकवलेले असणार. ज्या शिरस्त्यात दिसते तेवढे पाहिले की तपासणी झाली असे लिहिता येते आणि पैसेही घेता येतात, त्या शिरस्त्याचा राग आला. घाटात माणसे असतात हो!

पिना काढून, पॉलिश पेपरने घासून, ब्रेकचे खास ग्रीस लावून परत बसवल्या. साधे ग्रीस लावले तर रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते, एवढे तरी मेस्त्रींनी माझ्याकडून ऐकून घेतले. पॅड अर्थातच पुढच्या दोन्ही चाकांचे बदलले, कारण एकच बाजू नवी केली तर गाडीचा कल कायमच राहायचा. तबकडीला चऱ्या पडल्या नव्हत्या, ती वाचली. बिलात पिनांच्या साफसफाईची रक्कम इतकी क्षुल्लक होती, की माझ्या निदानाचा तो उघड अपमान वाटला.

घरी वडिलांनी जुने पॅड मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतले, सुतळीने बांधून त्यांना तारखेची चिठ्ठी लावली, आणि आपल्या वहीत नोंद केली: ‘डावा पुढचा ब्रेक. दोष मेस्त्रीने शोधला.’ दोष मी आधीच ओळखला होता, कोणत्या चाकात आहे हेसुद्धा, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

“वहीत खाडाखोड चालत नाही,” चष्मा न काढता ते म्हणाले. “हरकत असेल तर लेखी अर्ज कर.”