शेंगेनचा सातबारा

कोल्हापुरात कुणी परदेशी शिकायला निघालं की व्हिसाच्या आधी फ्लेक्स लागतो. माझ्या भाचीला युरोपात प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात पेठेतल्या मंडळानं चौकात बोर्ड उभा केला. 'उच्च शिक्षणासाठी जर्मनीला रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध भाची आणि तिच्या चौफेर शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले चेहरे. नवख्या माणसाला नेमकं रवाना कोण झालंय ते कळू नये. वास्तविक पोरीनं अजून ताराराणी चौकसुद्धा ओलांडला नव्हता, आणि जाणार होती ती इटलीला. जर्मनीचा नंबर दुसऱ्या वर्षी. अध्यक्षांना मी हे समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "मामा, पुढच्या साली जर्मनीलाच जाणार न्हवं? मग दोनदा छपाई कशाला?"

मंडळाला जे सहज सुचलं, ते युरोपातल्या सरकारांना सुचलेलं नाही. तिथं दोनदा छपाई लागते.

तिचा अभ्यासक्रम इरॅस्मस मुंडुस नावाचा. युरोपियन युनियननं २००४ साली सुरू केलेली ही योजना. पदवी एक, पण ती घ्यायची दोन-तीन देशांत फिरून. शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला १,४०० युरो हातात पडतात. भाचीला जागा मिळाली, शिष्यवृत्ती हुकली. म्हणजे सगळा भार दाजींच्या उसावर. दाजी शिरोळकडचे बागायतदार. मी सहकारी बँकेतून निवृत्त झालेला कारकून, त्यामुळे घराण्यातल्या तमाम फॉर्मांचा ठेका जन्मापासून माझ्याकडे.

इटलीत एक वर्ष व्हायच्या बेताला आलं असताना ताईचा फोन आला. "अरे, तिला परत व्हिसा काढायचाय म्हणे." ही बातमी कट्ट्यावर गेली आणि खळबळ माजली. "म्हंजे? पयला बोगस निघाला काय?" शेंगेनची कीर्ती आमच्या कट्ट्यावर आधीच पोचलेली होती. लक्झेंबर्गमधल्या एका खेड्याचं ते नाव. १४ जून १९८५ रोजी मोझेल नदीत उभ्या असलेल्या बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या, आज त्या करारात २९ देश आहेत. यावरून कट्ट्यानं काढलेला निष्कर्ष असा, की केएमटीचा पास काढला की जसं कुठल्याही बसमध्ये चढता येतं तसं एकदा आत शिरलं की झालं. फिरायला ते खरंही आहे, १८० दिवसांत ९० दिवस खुशाल फिरा. त्याहून जास्त राहून शिकायचं म्हटलं की प्रत्येक देशाचं दार वेगळं, दाराशी बसलेला माणूस वेगळा आणि त्याला हवा असलेला कागदही वेगळा.

कागदावरून पहिल्या व्हिसाचं रामायण सांगितलंच पाहिजे. इटलीच्या यादीत पालकांचं आयकर विवरणपत्र होतं. दाजींनी आयुष्यात कर बुडवला नाही, कारण त्यांना तो कधी लागलाच नाही. शेतीचं उत्पन्न तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) खाली करमुक्त, मग विवरणपत्र कशाचं भरायचं? उसाची बिलं मात्र पोतंभर. २०२४-२५ च्या हंगामात एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, होती टनाला ३,४०० रुपये, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. आमच्या भागात हे आकडे पोरांना पाढ्याआधी पाठ होतात. पण बँकेच्या उताऱ्यावर ते पैसे कसे दिसतात? पहिला हप्ता, मग शांतता, मग दिवाळीच्या तोंडाला दुसरा हप्ता. आता जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत काय मागणी झाली आणि कारखानदारांनी किती मान्य केलं, यावर आमच्या पोरीची आर्थिक क्षमता ठरते, हे मुंबईत बसलेल्या वकिलातीला कुठल्या रकान्यात लिहून कळवायचं?

राजारामपुरीतला सल्लागार म्हणाला, "सातबारा जोडा. इंग्रजी भाषांतर करून." तलाठ्याचा सातबारा कधी नीट वाचला आहे का? मी तोवर कर्जप्रकरणापुरता वाचला होता. दाजींच्या गटावर आठ नावं. दाजी, त्यांचे दोन चुलतभाऊ, वारलेल्या काकांची वारस म्हणून काकू, लग्न होऊन इचलकरंजीला गेलेली आत्या, शिवाय आणखी तीन माणसं, जी नेमकी कोण हे दाजींनाही आईला विचारून सांगावं लागलं. खाली इतर अधिकारात विकास सेवा सोसायटीचा बोजा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, त्यातून पोटखराबा वजा. कोर्टाजवळच्या टायपिस्टनं हे सगळं इंग्रजीत उतरवलं तेव्हा आमची जमीन एखाद्या लहान संस्थानासारखी भारदस्त वाटायला लागली. सल्लागारानं ते वाचलं आणि म्हणाला, "एवढे हिस्सेदार? मग सगळ्यांचं संमतिपत्र असलेलं बरं."

'असलेलं बरं' ही नोकरशाहीतली सगळ्यात महाग चीज. यादीत नसते, कुणी मागत नाही, पण एकदा कानावर पडली की माणसाची झोप उडते.

सात जणांनी सह्या दिल्या. आत्यानं इचलकरंजीहून एसटीनं येऊन अंगठा दिला, वर भाचीच्या हातात पाचशेची नोट ठेवली. थोरले चुलतभाऊ मात्र अडून बसले. "पोरीच्या शिक्षणाला माझी हरकत न्हाई. पर दाजीबा, त्यो बांध." दाजींनी म्हणे गेल्या नांगरटीला बांध वीतभर त्यांच्या रानात सरकवला होता. दाजींचं म्हणणं, त्याआधीच्या साली तो हातभर इकडं आला होता, त्यातला मी वीतभरच परत घेतला. इटलीतल्या विद्यापीठाचं सत्र सुरू व्हायला आलेलं, आणि इकडं आम्ही भर उन्हात दोरी लावून बांध मोजतोय. मी एक टोक धरून उभा, दुसऱ्या टोकाला थोरल्यांचा मुलगा, आणि भाची मध्ये मोबाईलवर, "सर, डॉक्युमेंट्स आर अंडर प्रोसेस." शेवटी दाजींनी वीत सोडली, थोरल्यांनी सही सोडली. व्हिसा आला. ते संमतिपत्र कुणी उघडून बघितलं असेल असं मला वाटत नाही.

तर पोरगी इटलीत पोचली. तिथं उतरल्यापासून कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो करायचा पोस्टात. हे ऐकून आम्हाला एकदम घरच्यासारखं वाटलं, आमच्याकडेही पासपोर्टची सोय आता पोस्टातच आहे. अर्जाला १६ युरोचं तिकीट डकवावं लागतं. ते मिळतं कुठं? तंबाखूच्या दुकानात. सिगारेट, लायटर, बसचं तिकीट आणि सरकारी स्टॅम्प, सगळं एकाच काउंटरवर. दाजींना युरोपातली आवडलेली ही एकमेव सुधारणा. त्यांच्या मते आपल्याकडेही स्टॅम्प व्हेंडर बंद करून तो धंदा पानपट्टीला द्यावा, पानपट्टी निदान वेळेवर उघडती.

अर्ज गेला, पावती मिळाली, बोटांचे ठसे झाले. कार्ड काही येईना. फोनवर विचारलं की एकच उत्तर, "मामा, मी अजून पावतीवरच हाय."

आता मजा बघा. जर्मनीनं अशा फिरत्या विद्यार्थ्यांसाठी खरोखर चांगली सोय केलेली आहे. युरोपियन युनियनचा २०१६ चा एक निर्देश आहे. त्यानुसार एका सदस्य देशाचा विद्यार्थी परवाना असला, तर अशा अभ्यासक्रमातल्या मुलांना दुसऱ्या देशात ३६० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय शिकता येतं. जर्मन विद्यापीठानं तिथल्या केंद्रीय कार्यालयाला आधी कळवायचं, संपलं. अट एकच. पहिल्या देशाचा परवाना हातात पाहिजे. हातात पावती असून चालत नाही. म्हणजे व्हिसा लागू नये म्हणून कार्ड पाहिजे, कार्ड नाही म्हणून व्हिसा पाहिजे, आणि कार्ड येणार केव्हा, तर इटलीतलं शिक्षण आटोपता आटोपता. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. जामीनदाराला जामीनदार मागणारे साहेब पाहिले. पण इतकं गोल, कुठंही कोपरा नसलेलं काम माझ्या पाहण्यात नव्हतं.

मग रीतसर जर्मन व्हिसा, अर्ज इटलीतूनच. त्यासाठी वर्षभराचा खर्च आगाऊ एका गोठवलेल्या खात्यात भरायचा, महिन्याला ९९२ युरो या हिशेबानं ११,९०४ युरो. आपल्या पैशात बारा लाखांच्या घरात. ते खातं पोरीच्या नावावर, पण तिला एकदम काढता येत नाही, दर महिन्याला ठरलेला तुकडा सुटतो. दाजी भडकले. "आमचंच पैसं आमच्याच पोरीला हप्त्यानं देणार?" उभं आयुष्य कारखान्याला ऊस घातलेल्या माणसाला यात नवल वाटावं, याचंच मला नवल वाटलं.

पैसे पाठवायला आम्ही एका बँकेच्या शाखेत गेलो. समोरच्या मुलीनं फॉर्म वाचला, चष्मा वर केला.

"मुलगी कुठं असते?"

"इटलीत."

"पैसे कुठं पाठवायचेत?"

"जर्मनीत."

"मग मुलगी जर्मनीत आहे का?"

"नाही. तिथं जायला व्हिसा पाहिजे."

"मग पैसे आधी कसे जाणार?"

"पैशाला व्हिसा लागत नाही, मॅडम," दाजी म्हणाले. रागानं म्हणाले, पण मॅनेजर केबिनमधून हसत बाहेर आला आणि काम मार्गी लागलं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, असं त्यानं जाता जाता सांगितलं. दाजी घरी येईपर्यंत तीच गोष्ट घोळवत होते. "म्हंजे अजून लई पाठवता येत्यात आपल्याला." कुठले, ते त्यांनी सांगितलं नाही.

अर्जासोबत भाचीला 'मला जर्मनीतच का शिकायचंय' असं पत्र लिहायचं होतं. ती वैतागली होती. मी तिला बाबासाहेबांचं सांगितलं. मार्च १९२० मध्ये आपल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांना डोक्यावर घेतलं, त्याच वर्षी ते शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. लंडनमध्ये एकीकडे अर्थशास्त्र, दुसरीकडे बॅरिस्टरी, आणि तशात १९२१ साली त्यांनी बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी स्वतःच्या हातानं जर्मन भाषेत अर्ज लिहिला. १९२२ च्या एप्रिलमध्ये नाव दाखल झालं. युरोपात शिकता शिकता युरोपातच दुसरीकडे अर्ज करणारा आपला माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलाय, आणि तोही टायपिस्टशिवाय! भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, ते बाबासाहेब होते. मी ट्रान्सलेट करून घेतो."

त्या उन्हाळ्यात पावतीवर देशाबाहेर पडता येईना म्हणून ती फ्लॉरेन्सला जाऊन आली. कोल्हापूरच्या माणसानं इटलीत जाऊन राजाराम महाराजांची छत्री पाहिली नाही तर परत आल्यावर लोक बोलतात. १८७० साली विशीतले राजाराम महाराज युरोप बघायला गेले, इंग्लंड पाहिलं, राणीला भेटले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये गेले. आर्नो नदीला मुन्योने येऊन मिळते तिथं त्यांचं दहन झालं. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, आपला न्यू पॅलेसही त्याच्याच हातचा. भाचीनं व्हिडिओ कॉलवर घुमट दाखवला, खालचा अर्धपुतळा दाखवला. ताईनं इकडून हात जोडले. दाजींनी विचारलं, "त्यांना किती देशांचा व्हिसा लागला?" मी सांगितलं, त्या काळी असलं काही नव्हतं, पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्टही कुणी विचारत नसे. मात्र नदीकाठी दहन करायला शहराची खास परवानगी काढावी लागली. यावर दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे कागुद तवाबी सुटला न्हाई."

जर्मन व्हिसा मिळाला. पोरगी सामान बांधून निघाली, आणि निघायच्या आठवड्यात इटलीचं कार्ड आलं. गुलाबी, चकचकीत, तिचा फोटो असलेलं. मुदत संपायला थोडेच दिवस बाकी. ताईनं ते देवाजवळ ठेवायला कोल्हापूरला पाठव म्हणून सांगितलं.

इकडं आमचं एक शेपूट राहिलंच होतं. २०२५ च्या एप्रिलपासून शिक्षणासाठी १० लाखांवर रक्कम बाहेर पाठवली, की वरच्या रकमेवर बँक ५ टक्के कर आगाऊ कापून घेत होती. दाजींचेही कापले. परत मिळतात, पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. ज्यांना सरकारनं जन्मभर विवरणपत्र मागितलं नव्हतं, त्या दाजींनी लक्ष्मीपुरीतल्या सीएकडं जाऊन ते पहिल्यांदा भरलं. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवलं, कापलेले पैसे परत मागितले. पोचपावतीची छापील प्रत हातात पडल्यावर त्यांनी ती उलटसुलट न्याहाळली, कुठं शिक्का नाही म्हणून कुरकुरले, येता येता महाद्वार रोडला लॅमिनेशन करून घेतलं आणि तडक माझ्याकडं आले.

"पयल्या व्हिसाला हेच मागत हुते न्हवं त्ये?"

"हेच."

"मग धाड की त्यास्नी इटलीला. म्हणावं, उशीर झाला, पर आणलं."