साखर बंद!

(रंगमंचावर जेवणाचं टेबल. त्यावर गुळाचा डबा. काकू पदर खोचत येतात.)

हसू नका! आमच्या घरात साखरबंदी लागली होती. आणि कुठं? नगर जिल्ह्यात! जिथं १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, महाराष्ट्रातला पहिला, तिथं आमचे हे चहा मागायचे तो बिनसाखरेचा! स्वतः आयुष्यभर कारखान्यात काट्यावर होते. कुठल्या ते विचारू नका. पगार साखरेचा, दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर घरात, आणि रिटायर झाल्यावर साखर वैरीण!

डॉक्टर म्हणाले होते, "कमी करा." यांनी ऐकलं, "बंद!" कमी करायला रोज डोकं लागतं हो. बंदला नुसती घोषणा पुरते. (छाती काढून) "मी गोड सोडलं!" सगळ्या गल्लीत सांगून आले.

मग आला गूळ. "अगं, नैसर्गिक असतो!" अहो, तो येतो त्याच उसातून! पोटात गेल्यावर काय सांगणार, मी साखर नाही, तिचा चुलतभाऊ? मग खजूर. मग मध. एकादशीला परातभर साबुदाणा! आणि भाच्याच्या लग्नात तर, भंडारदऱ्याचं आवर्तन सुटावं तसे जिलबीवर सुटले. "आजच्या दिवस चालतं!"

रक्त तपासायच्या आदल्या दिवशी मात्र कडकडीत उपास. पण ती तपासणी निघाली मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची! मी म्हटलं, "अहो काटेवाले, या काट्यावर काटामारी चालत नाही."

तर मलाच ऐकवतात, "संतांनी संयम शिकवलाय!" कुठल्या संतांनी? १२९० साली इथंच, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सहावा अध्याय काढा. जिभेपुढं लोळण घेणाऱ्याला योग नाही, तसाच हट्टानं उपाशी राहणाऱ्यालाही नाही. बेतानं खाणाऱ्याला आहे! आणि शिर्डी? साईसच्चरिताच्या बत्तिसाव्या अध्यायात गोखलेबाई येतात, तीन दिवस उपास करायला. ऐन शिमग्यात! बाबांनी त्यांना धाडलं दादा केळकरांच्या घरी. पुरणपोळ्या करा, सगळ्यांना वाढा, तुम्हीही खा!

(बोट उगारून) शेंगदाण्याची ॲलर्जी असली तर दाणा चाखूनही बघायचा नाही. तंबाखूही बंद म्हणजे बंद. तिथं बेतानं वगैरे सांगू नका. पण ताटातलं अन्न काय गुन्हेगार आहे, तडीपार करायला?

आता घरात माझा काटा. बाजरीची भाकरी, पालेभाजी, आमटी रोज. चहात अर्धा चमचा साखर, उघड उघड. सणाला पुरणपोळी एक. दुसरी मागितली की मी नुसतं डॉक्टरांचं नाव घेते. डबे आता कुलपात नाहीत, आणि हे रात्री स्वयंपाकघरात चाचपडतही नाहीत.

(घड्याळ बघत) चला, मध्यंतर झालं. बाहेर जिलबी आहे. ज्यांनी गोड कायमचं सोडलंय, त्यांनी कृपया रांगेत शेवटी उभं राहा. तुम्ही पुढं राहिलात तर आम्हाला उरणार नाही!