पत्रकार दीन

'दर्पण'चा पहिला अंक बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी काढला, म्हणून ६ जानेवारीला पत्रकार दिन. दुसऱ्या दिवशी आमच्या तालुक्याच्या पुरवणीत चार कॉलमी मथळा : 'पत्रकार दीन उत्साहात संपन्न.'

दीन आणि संपन्न, एकाच ओळीत! वेलांटी चुकली म्हणावं, तर वार्ताहराचं मानधन आठवतं आणि शब्द बरोबरच वाटू लागतो.

बातमीत व्यासपीठावरची एकोणीस नावं होती. सूत्रसंचालन कुणाचं, आभार कुणी मानले, सगळं होतं. प्रमुख पाहुणे काय बोलले? 'मौलिक मार्गदर्शन केले.' अहो, गृहस्थ पाऊण तास बोलले! मी तिसऱ्या रांगेत होतो. रात्री नदीतून निघणाऱ्या वाळूच्या ट्रकांवर बोलले, तेव्हा व्यासपीठावरचे दोघे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. तेवढं मार्गदर्शन छापायचं राहिलं.

शेजारीच अपघात. मथळ्यात दुचाकीस्वार 'जागीच ठार', चौथ्या ओळीत तोच 'उपचारादरम्यान' मरण पावतो. मग 'परिसरात एकच खळबळ', 'सर्वत्र हळहळ', 'अधिक तपास पोलीस करीत आहेत'. त्या वळणावरचा दिवा दिवाळीपासून बंद आहे, हे कुठेच नाही. खाली आणखी एक 'धक्कादायक खुलासा'. मराठीत खुलासा ज्याच्यावर बालंट येतं तो करतो. हिंदी वाहिन्या बघून आमच्याकडे तो बातमीदारच करायला लागला. 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी असे दोन रकाने शेजारी शेजारी असत. आता रकाने कशाला? एका वाक्यात तीन भाषा मावतात.

पण वार्ताहराला तरी किती बोलायचं? फोटो तोच काढतो, बातमी मोटारसायकलवर बसल्या बसल्या मोबाइलवर तोच टाइप करतो आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीही तोच गोळा करतो. ज्याची जाहिरात पूर्ण पान, त्याचं मार्गदर्शन मौलिक. पूर्वी अशा मजकुरावर लाल पेन घेऊन बसणारे एक मुद्रितशोधक होते. ते निवृत्त झाले, जागा भरली नाही. त्यांच्या टेबलावर आता कुरिअरची पाकिटं असतात.

न राहवून वार्ताहराला फोन केला. "काका, वाचणाऱ्याला कळलं ना? मग झालं की!" म्हणाला. पण पोरगं भलं. पुढच्याच अंकात, आतल्या पानाच्या तळाशी, छोटी चौकट आली. वर ठळक अक्षरांत :

'चूकीबद्दल दिलगीरी.'