उशीखालचं सोनं

इस्तंबूलच्या कादिकॉय भागात ज्यांच्याकडे मी महिनाभर खोली घेऊन राहिलो, त्या बाईंनी माझ्यादेखत नवं वॉशिंग मशीन विकत घेतलं. जुनं ठणठणीत होतं. नवं खोक्यातच राहिलं. वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. ‘तेयझे, हे कशाला?’ मी विचारलं. (तेयझे म्हणजे मावशी. तिकडे भाजीवालीपासून बसमधल्या अनोळखी बाईपर्यंत सगळ्याच मावश्या.) त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘जुनं मोडेल तेव्हा हे याच किमतीला मिळणार आहे का?’

हा 2022चा ऑक्टोबर. त्या महिन्यात तुर्कस्तानातली महागाई सरकारी आकड्यांतच वर्षाला 85 टक्क्यांच्या वर गेली होती. आपल्याकडे काटकसर म्हणजे खर्च न करणं. तेयझेंच्या लेखी वेळेवर खर्च करणं हीच काटकसर. लिरा साठवायचा म्हणजे बर्फाचा खडा पदरात बांधून ठेवायचा.

हे शहाणपण काही त्या वर्षीचं नव्हे. 2004 पर्यंत त्यांच्या पर्समध्ये दोन कोटी लिराची नोट असायची. एकच नोट, दोन कोटींची! माझ्या आजोबांनी जन्मभर खपून जी रक्कम पाहिली नाही, ती या बाई मासळीवाल्यापुढे धरून सुटे मागत. 1 जानेवारी 2005ला सरकारने सहा शून्यं पुसली आणि घरोघरचे कोट्यधीश एका रात्रीत वीस लिरांचे धनी झाले. मासळी तेवढीच आली.

दुकानांच्या काचांवर किमतीपेक्षा ठळक अक्षरांत ‘ताक्सित’ लिहिलेलं असतं, म्हणजे हप्ते. (तुर्कीत ‘हाफ्ता’ म्हणजे बिचारा साधा आठवडा. त्याच शब्दाला चौकीवरच्या हवालदाराचा वास लागला तो आपल्याकडे.) रोखीच्याच भावात बारा हप्ते मिळाले, तर शेवटच्या हप्त्यापर्यंत लिरा इतका हलका झालेला असतो की देताना हाताला वजन लागत नाही. ऋण काढून सण करू नये, हे ऐकत मी वाढलो. तेयझेंना ते सांगितलं. मग सण कधी करता, असं त्यांनी विचारलं.

पण खरी बँक भरते ती दिवाणखान्यात. तिचं नाव ‘आल्तन ग्युन्यू’, सोन्याचा दिवस. मी पाहिलं आणि म्हटलं, अरे, ही तर आपली भिशी! दहा-बारा बायका, दर महिन्याला एकीचं घर, चिठ्ठ्या टाकून ठरवलेला क्रम. दलियाची आंबट-तिखट ‘कसर’, बोरेक, केक, आणि कमरेत बारीक असलेल्या पेल्यातला चहा, जो संपला की न विचारता पुन्हा भरला जातो. फरक एवढाच, की पाकिटात नोटा नसतात. प्रत्येकीने यजमानीणबाईंना एक ‘चेय्रेक’ द्यायचं: चौथाई, पावणेदोन ग्रॅमचं, 22 कॅरेटचं नाणं. आपल्या भिशीत शेवटचा नंबर लागला की तोंड वाकडं होतं. इथे जानेवारीचं नाणं आणि डिसेंबरचं नाणं वजनाला सारखंच. ही युक्ती कुठल्याही अर्थशास्त्र्याने काढलेली नाही. फार पूर्वी शेवटचा नंबर लागलेल्या एखाद्या चिडलेल्या बाईने काढली असणार, याबद्दल माझी खात्री आहे.

हेच नाणं लग्नात नवरा-नवरीला लाल फितीने टाचतात. कुणी काय टाचलं ते घरातलं कुणीतरी लक्षात ठेवतंच, कारण आहेर परत करायचा असतो. चौथाई परवडेनाशी झाली म्हणून आता कुणी एक ग्रॅमचा तुकडा आणतात. नवरीच्या आत्या तो चार हातांवरून ओळखतात.

बँकेबाहेरच्या अशा सोन्याला तिकडे ‘उशीखालचं’ म्हणतात. ते बाहेर यावं म्हणून सरकार अधूनमधून योजना काढतं. उशा हलत नाहीत.

एवढ्या सावध बाई खालच्या किराणावाल्यापुढे मात्र अगदी साध्या. दहा मिनिटांत सामान पोचवण्याचं वचन देत 2015 मध्ये ‘गेतिर’ हे ॲप याच शहरात निघालं. नावाचा अर्थच मुळी ‘आण’. तेयझे तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली सोडतात आणि दोन मिनिटांत पाव वर ओढतात. पैसे वहीत. दुकानदार सकाळची पहिली नोट दाढीला लावतो. ही ‘सिफ्ताह’, म्हणजे आपली भवानी. भवानी तुझ्याकडून, बरकत अल्लाकडून, असं म्हणतो. बरकतीला त्याचा शब्दही ‘बेरेकेत’च.

रमजानात कधी कुणी अनोळखी धनिक अशा दुकानात शिरतो, उधारीच्या वहीतली पानंच्या पानं चुकती करतो आणि नाव न सांगता निघून जातो. उस्मानी काळापासूनची रीत आहे. ‘तुमचं पान कधी फेडलं गेलं?’ मी विचारलं.

‘आला होता एकदा,’ तेयझे टोपलीची दोरी गुंडाळत म्हणाल्या. ‘नेमकं आदल्याच दिवशी मी सगळं देऊन बसले होते.’