मान डावीकडे, समुद्र उजवीकडे

सहलीला निघण्याआधी अभ्यास करायचा, ही माझी फार जुनी खोड. माथेरानला जायचं असलं तरी तिथल्या छोट्या गाडीच्या दोन रुळांमध्ये दोन फुटांचं अंतर आहे, हे मी आधी शोधून काढतो आणि मग नेरळला गाडी चुकवतो. त्यामुळे वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंड अशा केल्टिक मुलखांच्या बससहलीचे पैसे भरले, त्याच संध्याकाळी मी दोनशे पानी वही आणली आणि तीत लिहायला बसलो. केल्ट लोक एके काळी मध्य युरोपात दूरवर पसरलेले होते, गॉलमध्ये ज्युलियस सीझरनं त्यांच्याशी लढाया केल्या, आणि आज केल्टिक म्हणवणारे मुलूख सहा मानले जातात : आमच्या सहलीतले तीन, शिवाय आइल ऑफ मॅन, कॉर्नवॉल आणि फ्रान्समधला ब्रिटनी. या उरलेल्या तिघांचं नशीब थोर. तिथं मी गेलो नाही.

हिनं वहीकडे एकदा पाहिलं, काही बोलली नाही, आणि साधारण तेवढ्याच वजनाचा चिवडा बॅगेत भरला. चिवडा वेल्समध्येच संपला. वही शेवटपर्यंत पुरली.

वेल्समध्ये बस अँगल्सी बेटाकडे निघाली तेव्हा आमचा टूर मॅनेजर, म्हणजे सगळ्यांना काका-काकू म्हणणारा एक चुणचुणीत मुलगा, सहज म्हणाला, "कुणाला काही सांगायचंय का?" असं तो अंताक्षरीसाठी विचारत होता, हे मला नंतर कळलं. मी माईक घेतला. थॉमस टेलफर्ड नावाच्या इंजिनिअरनं १८२६ साली मेनाई सामुद्रधुनीवर बांधलेला झुलता पूल हा त्या काळचा चमत्कार कसा, त्याखालून शिडाची उंच जहाजं जावीत म्हणून तो इतका वर कसा घेतला, लोखंडी साखळ्यांवर तो कसा तोलला, असं सगळं मी रंगात येऊन सांगत होतो. बस पुलावर चढली तशी मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा जागी होऊन खिडक्यांना नाकं लावून बसली. "काका, साखळ्या कुठंयत?" एका शाळकरी पोरीनं विचारलं. साखळ्या होत्या, पण उजव्या हाताला, लांबवर, दुसऱ्याच पुलाला. आम्ही ज्यावरून चाललो होतो तो ब्रिटानिया पूल. रॉबर्ट स्टीफन्सननं तो १८५० साली रेल्वेसाठी बांधला, १९७० साली काही पोरं वटवाघळं शोधायला हातात पेटता पलिता घेऊन आत शिरली आणि तो पेटला, मग दुरुस्त करताना त्याच्यावर मोटारींचा रस्ता घातला. ही हकिकतही माझ्या वहीत होती. पुढच्या पानावर.

त्या पलीकडेच ५८ अक्षरी नावाचं ते जगप्रसिद्ध गाव आहे. तिथल्या स्टेशनच्या पाटीखाली मी सगळ्या ग्रुपचा फोटो काढला. फोटोत पाटीवरचं 'गोगोगॉख' एवढं शेपूट आणि ग्रुपमधले चार जण आलेत. त्यानंतर माईक आणि कॅमेरा या दोन्ही गोष्टी माझ्यापासून लांब ठेवण्यावर बसमध्ये न बोलता एकमत झालं.

होलीहेडहून डब्लिनला बोटीनं तीन तासांहून थोडं जास्त लागतं. त्यातला बराचसा काळ मी कुठं होतो, हे न सांगितलेलं बरं.

आता ब्लार्नी. कॉर्कजवळ पंधराव्या शतकातला किल्ला आहे, मॅकार्थी घराण्याचा, आणि त्याच्या माथ्यावरच्या कठड्यात एक दगड आहे. त्या दगडाचं चुंबन घेतलं की माणसाच्या जिभेवर सरस्वती नाचू लागते, अशी श्रद्धा. चर्चिलनंही घेतलं होतं, आणि पुढं त्याच्या भाषणांचं काय झालं ते आपण जाणतोच. अरुंद, गोल, दगडी जिन्यानं सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, वर रांगेत उभं राहायचं, पाळी आली की कठड्याकडे पाठ करून खाली बसायचं, उताणं व्हायचं, दोन लोखंडी दांडे धरायचे आणि डोकं मागं मागं सोडत उलटं होऊन भिंतीच्या पोटातल्या दगडाला ओठ टेकवायचे. खाली जमीन ८५ फुटांवर. मध्ये आडवे गज आहेत, माणूस पडत नाही. माकडटोपी पडते.

आमच्यातल्या सत्तरीच्या आजी हे सगळं हळदीकुंकवाला जाऊन यावं इतक्या सहज उरकून आल्या. मी चष्मा काढून खिशात ठेवला, उताणा झालो आणि समोर आलेल्या पहिल्या दगडाला भक्तिभावानं ओठ टेकवले. तिथं धरायला बसलेला माणूस म्हणाला, "हा नाही, आणखी खाली." मी आणखी खाली गेलो. "आणखी." मी आणखी गेलो. टोपी माझ्या आधीच पुढं निघून गेली. शेवटी ओठांना काहीतरी गार, गुळगुळीत लागलं, तो दगडच असावा असं मी धरून चाललो, आणि उठताना मानेत कट् असा आवाज झाला. वक्तृत्वाची देणगी मिळाल्यावर मी उच्चारलेले पहिले शब्द "आई गं" हे होते.

तिथून पुढं आमच्या घरातल्या जुन्या टेबलफॅनसारखी माझी मान डावीकडे वळून अडकली ती अडकलीच. टूर मॅनेजरनं मलम दिलं, नाशिकच्या काकूंनी ओव्याची पुरचुंडी दिली, मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी "मला जमतं हे" म्हणत मान धरली, आणि ती डावीकडे आणखी दोन बोटं सरकली.

दुसऱ्या दिवशी रिंग ऑफ केरी. अशा सहलींत जागा रोज बदलतात, आणि नेमकी त्याच दिवशी आमची पाळी उजवीकडच्या खिडकीची होती. आता इथली गंमत बघा. हा रस्ता एका द्वीपकल्पाला वळसा घालतो आणि इतका चिंचोळा आहे की दोन मोठ्या बस समोरासमोर आल्या तर पंचाईत, म्हणून सगळ्या टूरबस घड्याळाच्या उलट दिशेनं जातात. उलट दिशेनं जायचं म्हणजे डोंगर डावीकडे आणि अख्खा अटलांटिक उजवीकडे. लोक त्या उजवीकडच्या खिडकीसाठी काय काय करतात! मी त्या खिडकीत बसलो होतो आणि माझी मान डावीकडे होती. हिच्या डोक्यावरून, मधला रस्ता ओलांडून माझी नजर थेट पलीकडच्या रांगेतल्या नाशिकच्या काकूंच्या मांडीवरच्या डब्यावर जाऊन थांबत होती. काकू मनाच्या मोठ्या. माणूस टक लावून बघतोय म्हटल्यावर त्यांनी एक बेसनाचा लाडू पुढं केला. मी नको म्हणायला मान हलवायला गेलो, ती हलली नाही. लाडू खाल्ला. नजर तिथंच. दुसरा आला. वॉटरव्हिल गाव येईपर्यंत डबा रिकामा झाला आणि काकूंनी पदर सावरून हिच्याकडे फार करुण नजरेनं पाहिलं. मी हिला म्हटलं, निदान समुद्र कसा आहे ते तरी सांग. ती म्हणाली, "निळा आहे."

मोहेरच्या कड्यांनी मात्र माझी कीव केली. सर्वांत उंच जागी २१४ मीटर सरळ समुद्रात उतरणारे आणि आठेक किलोमीटर पसरलेले हे कडे आहेत, आणि समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की एकामागे एक सरकत गेलेल्या काळ्या भिंतींचा जो देखावा सगळ्या पोस्टकार्डांवर असतो, तो डाव्या हाताला येतो. बाकीचे इकडं बघ, तिकडं बघ करत होते. मी एकाग्र होतो. इतका, की निघायची वेळ टळली तेव्हा धावत वाहनतळावर आलो आणि समोरच्या पांढऱ्या बसमध्ये चढून पहिल्या रिकाम्या जागी बसलो. शेजारच्या बाईंनी हसून बिस्किटं पुढं केली. ग्रुपमध्ये आपल्याबद्दल मत सुधारतंय, असं वाटून मी दोन घेतली. त्या बसच्या ड्रायव्हरनं डोकी मोजली, एक जास्त. पुन्हा मोजली, तरी एक जास्त. तिकडं आमचा टूर मॅनेजर डोकी मोजत होता, एक कमी. अखेर दोन्ही गणितं एकमेकांना भेटली आणि मला हाताला धरून आमच्या बसमध्ये आणलं गेलं. ही खिडकीत सरकून, पाय पसरून झोपली होती.

उत्तर आयर्लंडची सीमा कधी ओलांडली ते कळतसुद्धा नाही. ना फाटक, ना शिपाई, फक्त रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर येतात आणि चहाच्या दुकानात तुमचा युरो परत मिळतो. तिथं जायंट्स कॉजवेवर, समुद्रात उतरत गेलेल्या सुमारे चाळीस हजार दगडी खांबांसमोर सगळे अवाक् उभे असताना मला राहवलं नाही. मी माईकशिवायच सांगितलं : हा सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट, लाव्हा थंड होताना आकसून तडकला आणि असे बहुतेक षटकोनी खांब झाले, आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच, आणि अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे असेच उभे खांब, उलट वयानं थोडे वडीलच. शांतता पसरली. मग मागून आवाज आला, "म्हणजे अंधेरीला रिक्षानं जमलं असतं?" त्या दिवशी जेवताना माझ्या टेबलाशी कुणी बसलं नाही.

स्कॉटलंडमध्ये सुट्या पैशांत एक नोट आली, तिच्यावर ना राजा ना राणी. मी बँकेत कॅशिअर होतो. अशी नोट आमच्या हातून सुटत नाही. मी ती उजेडात धरली (त्यासाठी मला पूर्ण अंगानं वळावं लागलं), बोटांनी चोळली आणि दुकानदाराला गंभीरपणे परत केली. स्कॉटलंडमधल्या तीन बँका आपापल्या नोटा काढतात आणि त्या चांगल्या चालतात, हे मला रांगेतल्या लहान मुलानं समजावलं. मग लॉख नेस. हे सरोवर २३० मीटर खोल आहे. त्यात राहतो म्हणतात त्या राक्षसाचा १९३४ सालचा गाजलेला फोटो खेळण्यातल्या पाणबुडीला डोकं चिकटवून काढलेला निघाला. आमच्या बोटीत तो दिसल्याचा ओरडा झाला तो उजवीकडे झाला, एवढंच मी सांगू शकतो.

मान सुटली ती एडिंबराला. किल्ल्यावर रविवार सोडून जवळजवळ रोज दुपारी बरोबर एक वाजता तोफ उडते. १८६१ पासूनची, बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून सुरू झालेली प्रथा. हे वहीत होतंच. मी सगळ्यांना कान झाकायला लावले, घड्याळ बघून म्हटलं, अजून पाच मिनिटं आहेत, आणि तोफ उडाली. मी दचकलो, मान कट् करून सरळ झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोफेसाठी असाव्यात.

तेव्हा तुम्ही जाणार असाल तर एवढंच करा : आधी केरी, मग ब्लार्नी. सहलीचा क्रम बदलता येणार नाही, असं ते सांगतीलच. मग केरीच्या दिवशी उजवीकडची खिडकी मागा. पाळी नाही म्हणाले तर मान आखडल्याचं सांगा. फक्त कुठल्या बाजूला ते आधी ठरवून ठेवा.