कल्पनाशक्तीचे दफ्तर

अमेरिकेतील लेक जिनिव्हा येथील गॅरी गायगॅक्स यांनी डेव्ह आर्नेसन यांच्या सहकार्याने १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन पातळ पुस्तिकांनिशी प्रसिद्ध केला, तेव्हा चार माणसांनी मेजाभोवती बसून मनास येईल ती कथा रचावी, अशी बेबंद मोकळीक त्यात राहून गेली होती. परंतु खुद्द गायगॅक्स यांनीच १९७९ सालच्या मार्गदर्शक ग्रंथात ही बेशिस्त मोडून काढली, याबद्दल त्यांचे अभिनंदन करावे तितके थोडेच. दोन जादुई अर्क एकत्र प्राशन केल्यास काय व्हावे, वीरास कोणता रोग जडावा, यांची रीतसर कोष्टके तेथे आहेत. आणि लुटलेल्या खजिन्याच्या ओझ्याचा हिशेबही, एका रत्तलास दहा नाणी या दराने, चोख ठेवण्याची तजवीज त्या काळच्या नियमांत होती. दिवसभर कचेरीत खतावणी करून त्रासलेल्या जिवास याहून उदात्त विरंगुळा कोणता?

विद्यमान नियमांनुसार लढाईची एक फेरी अवघ्या सहा सेकंदांची असते, आणि कलमांच्या अर्थाविषयी उभय पक्षांचे म्हणणे ऐकून घेतल्यास ती तासाभरात निकालात निघते. दिवाणी न्यायालयांनी हा वेग ध्यानी घ्यावा. यापुढे ड्रॅगनानेही अग्नी ओकण्यापूर्वी तीन प्रतींत अर्ज करून हरकती मागवाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे.

खेळता खेळता एखाद्यास खरोखरच काही सुचले, तर कोणते कोष्टक पाहावे, याचा उल्लेख मात्र कोठेही आढळत नाही. अर्थात तशी तक्रारही अद्याप कोणाकडून दाखल झालेली नाही.